फक्त एक टी

अण्णांना भिंत दिसत नाही. भिंतीच्या आतून गेलेली लाईन दिसते. कुणाच्या वास्तुशांतीला बाकीचे पाहुणे मॉड्युलर किचनचे ड्रॉवर आतबाहेर करून ‘अजिबात आवाज येत नाही हो’ म्हणत असतात, तेव्हा अण्णा बाथरूममध्ये असतात. गरज म्हणून नव्हे. तिथे ते बोटाच्या पेराने एकेक टाइल ठोकून बघत असतात. बाहेर आल्यावर हातातला पेढा तोंडात टाकण्याआधी यजमानांना बाजूला घेतात.

“सगळं उत्तम झालंय. फक्त एक करा. बेसिनच्या मागून थंड पाण्याची लाईन गेलीय. तिथे एक टी मारून ठेवा.”

“कशासाठी, अण्णा?”

“ते नंतर ठरवता येईल.”

यजमान बिचारे महिनाभर बेसिनसमोर दाढी करताना ‘कशासाठी असेल?’ याचा विचार करत राहतात आणि महिन्याअखेरीला त्यांनाही तिथे काहीतरी कमी असल्यासारखं वाटू लागतं. अण्णांचा हा संसर्ग आहे. सरळ चाललेला पाइप मध्येच कापायचा, तिथे तीन तोंडांचा जोड बसवायचा, दोन तोंडांतून पाणी पूर्वीसारखं जाऊ द्यायचं आणि तिसऱ्याला नवीन संसार थाटून द्यायचा, यात जे सुख आहे ते अण्णांना नातवाच्या बारशातही मिळालं नाही. बारशातसुद्धा ते हॉलच्या मागच्या बाजूला, हात धुवायच्या जागी एकाच नळावर गर्दी का होते, याची पाहणी करत होते.

हा नमुना फक्त आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सापडतो असा आमचा दावा नाही. डोंबिवलीत त्याला तात्या म्हणत असतील, नागपुरात काकाजी. ओळखायची खूण सोपी आहे. बर्म्युड्याच्या उजव्या खिशात रुमालाच्या जागी टेफलॉन टेपचं रीळ असतं, आणि ‘फक्त’ हा शब्द उच्चारताना डोळे किंचित चमकतात.

अण्णांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. हिशेब शाखेत. कालवा त्यांनी बहुतेक फायलीतच पाहिला. पण ज्या कालव्यांची बिलं पास केली, त्यांची वंशावळ तोंडपाठ आहे. मुख्य कालवा, त्यातून शाखा कालवा, त्यातून वितरिका, मग लघुवितरिका, शेवटी शेतचारी. पस्तीसेक वर्षं माणसाने असली उतरंड कागदावर पाहिली की निवृत्तीनंतर त्याला घरात नुसता नळ कसा पुरेल? अण्णा स्वतःच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला ‘लाभक्षेत्र’ म्हणतात. गॅलरीतल्या कुंड्या त्यांच्या लेखी ‘सिंचनाखाली आल्या’. शौचालयाबाहेरचं पाय धुवायचं नवीन तोटीचं ठिकाण हा ‘दुसरा टप्पा’. तिसऱ्या टप्प्याला काकूंची मंजुरी प्रलंबित आहे.

बिल्डरने चाळीस वर्षांपूर्वी ताबा दिला तेव्हा घरात पाण्याचे मोजून पाच पॉइंट होते: ओट्याजवळ एक, बेसिनला एक, न्हाणीघरात दोन, संडासात एक. त्या पाचांवर घरातली पोरं वाढली, शिकली, काही अमेरिकेलाही गेली. आज पॉइंट किती आहेत हे खुद्द अण्णाही एका दमात सांगू शकत नाहीत. मोजताना एखादा कपाटामागे राहतो. फिल्टरला टी. वॉशिंग मशीनला टी. कमोडशेजारच्या जेटला टी. मग मशीनच्या टीमधून कुंड्यांना टी, कुंड्यांच्या टीमधून कूलरला, आणि कूलरच्या नळीतून चिमण्यांच्या वाडग्यात थेंब थेंब पडेल अशी एक केसाएवढी बारीक शाखा. चिमण्या कोथरूडमधून कधीच्या गेल्या. पारवे येतात, आंघोळ करतात आणि आमच्या वाळवणावर येऊन पंख झटकतात. फिल्टरमधून एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना दोन-तीन लिटर वाया जातं, हे कळल्यावर अण्णा रात्रभर झोपले नव्हते. सकाळी त्या वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीलाही त्यांनी टी मारली. आता अर्धं फरशी पुसायच्या बादलीत जातं आणि अर्धं कुठे जातं याचा शोध चालू आहे.

यातलं काहीही त्यांनी नवीन लाईन टाकून केलेलं नाही, हे ध्यानात घ्या. नवीन लाईन टाकणं अण्णांना कमीपणाचं वाटतं. गच्चीवरच्या टाकीपासून स्वतंत्र पाइप आणला तर काम नीट होईल, असं प्लंबर सांगतो. अण्णा त्याच्याकडे उधळ्या माणसाकडे बघावं तसे बघतात. “असलेल्या लाईनीत पाणी आहे ना? मग?” हा ‘मग’ त्यांच्या साऱ्या तत्त्वज्ञानाचा पाया आहे. कोल्हापूरला लग्नाला निघाले तर वाटेत कराडला मावसबहीण, सांगलीला जुने साहेब, नरसोबाची वाडी तर ‘जाता जाता’च. लग्न लागून गेल्यावर पोचतात. गप्पांतही तसंच. आपण गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत असतो, ते मध्येच कापून स्वतःच्या मेव्हण्याचा मोतीबिंदू जोडून देतात, आणि मग आपलं ऑपरेशन बारीक धारेने चालू राहतं.

आता या कलेची थोडी माहिती दिली पाहिजे, नाहीतर अण्णांवर अन्याय होईल.

अण्णांचं शिक्षण लोखंडी पाइपांवर झालं. जस्त चढवलेला जीआय पाइप, त्यातही लाल पट्ट्याचा. पिवळा पट्टा हलका, निळा मध्यम, लाल भारी, हे ते कुणालाही विचारल्याशिवाय सांगतात. त्या काळी फाटा काढायचा म्हणजे दिवसाचं काम. पाइप करवतीने कापा, डाय लावून आटे पाडा, आट्यांवर सफेदा फासून सुतळी गुंडाळा, पाना घालून आवळा. इथे एक गंमत आहे. दोन्ही टोकांना आटे असलेला तुकडा मधोमध बसवायचा तर एका बाजूने आवळला की तो दुसऱ्या बाजूने सुटतो. म्हणून टीच्या जोडीला एक युनियन लागतं, म्हणजे उघडून पुन्हा जोडता येणारा जोड. अण्णा नवशिक्या प्लंबरची परीक्षा इथेच घेतात. टी, निपल, एल्बो अशी यादी त्याला लिहायला सांगतात आणि त्याने युनियन लिहिलं नाही की गालातल्या गालात हसतात. मग त्याला पुन्हा दुकानात पाठवतात. पुण्यातल्या हार्डवेअर दुकानात एक वस्तू विसरून दुसऱ्यांदा जाणं काय असतं, हे पुण्याबाहेरच्या वाचकाला समजावून सांगणं अवघड आहे.

लोखंडी लाईनीचा खरा धोका जोडात नसतो, तिच्या म्हातारपणात असतो. पाइप आतून गंजून गंजून अर्धा इंचाचा करंगळीएवढा झालेला असतो. तो नुसत्या सवयीने उभा असतो. तुम्ही ओट्याखाली पाना लावता आणि आटे तुटतात न्हाणीघरात. म्हणून सगळे जुने प्लंबर एकच मंत्र देतात: जुन्या लाईनीला हात लावू नका. अण्णांनी हा मंत्र अनेकदा ऐकला आहे, दर वेळी वेगळ्या खोलीत पाणी पुसताना.

मग सीपीव्हीसी आलं. मलईच्या रंगाचा, ना आटे ना सुतळी, नुसतं सोल्युशन लावून चिकटवायचा पाइप. अण्णांनी पहिलं वर्ष त्याला ‘खेळणं’ म्हटलं. दुसऱ्या वर्षी कटर विकत आणला. तिथून सोसायटीच्या इतिहासाला कलाटणी मिळाली, कारण तोपर्यंत टी मारायला प्लंबर यावा लागत होता आणि प्लंबर न येणं हाच आमचा एकमेव बचाव होता.

सीपीव्हीसीचं काम दिसायला सोपं. पण भिंतीत गाडलेल्या पाइपाला टी घालताना एक पेच येतो, आणि सगळा विध्वंस तिथून सुरू होतो. टीच्या दोन्ही बाजूंना पाइप अर्धा-पाऊण इंच आत जायला हवा. त्यासाठी पाइप जरा बाजूला सरकवून, वाकवून आत खुपसावा लागतो. सिमेंटमध्ये पक्का बसलेला पाइप वाकणार कुठे? त्याला हालचालीला जागा मिळावी म्हणून वरची आणखी थोडी भिंत फोडायची, मग खालची थोडी. ‘एकच टाइल काढायचीय’ असं म्हणून छिन्नी लावलेली असते. संध्याकाळपर्यंत उभी ओळ गेलेली असते. तशा टाइला आता मिळत नाहीत, ती कंपनी कधीच बंद पडली. त्यामुळे अण्णांच्या न्हाणीघरात फिकट गुलाबी फुलांच्या मधून हिरव्या संगमरवरी नक्षीचा एक पट्टा छतापर्यंत जातो, बेसिनपाशी दोन मोर आहेत आणि दाराजवळ, दुकानात तेवढाच शिल्लक होता म्हणून, फळांच्या परडीचा एक तुकडा. पाहुण्यांना ते हे सगळं हौसेने दाखवतात. त्यांच्या मते तो नकाशा आहे. कुठून काय गेलंय ते भिंतीवरच वाचता येतं.

नकाशा होता तरी एकदा चूक झाली. गरम आणि थंड दोन्ही लाईनी एकाच रंगाच्या, भिंतीत शेजारी शेजारी. डावीकडे गरम, उजवीकडे थंड, हा सर्वमान्य नियम. अण्णांनी नियम पाळला. कमोडच्या जेटला आणि फ्लशच्या टाकीला नवा फाटा उजवीकडच्या पाइपातून घेतला. फक्त भिंत त्यांनी न्हाणीघराकडून न फोडता पलीकडून, संडासाच्या बाजूने फोडली होती. तिकडून उजवं ते इकडून डावं. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, कारण जोडून झाल्यावर चाचणी घेतली तेव्हा गीझर बंद होता आणि पाणी यथास्थित थंड आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाला आलेले व्याही पहिले आत गेले. डिसेंबरचे दिवस, पंचवीस लिटरचा गीझर तासभर तापलेला. पुढचा प्रसंग छापील पानावर सविस्तर देता येत नाही. आम्ही खाली पहिल्या मजल्यावर राहतो, आम्हाला फक्त आवाज आला. व्याही बाहेर आले ते थेट गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ कुंड्यांकडे पाहत होते. कमोडमधून मंद वाफ येत होती. अण्णांनी आत डोकावून पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “जपानमध्ये असंच असतं.”

तसं असतं, हे खरं. पण तिथे कोमट असतं.

ती चूक दुरुस्त झाली. दुरुस्ती म्हणजे थंड लाईनीवर आणखी एक टी आणि गरम लाईनीच्या उघड्या तोंडाला प्लग. तो प्लग पाहून अण्णांच्या मनात काहीतरी आलेलं काकूंनी ओळखलं आणि त्याच दिवशी त्याच्यावर प्लास्टर करून घेतलं.

प्लंबरचं आणि अण्णांचं नातं हा वेगळा विषय आहे. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. त्या भागातून, विशेषतः पट्टामुंडईकडून, देशभर प्लंबर जातात. पाइपातलं पाणी जसं हिंदुस्थानभर पोचलं तशी त्या गावांची पोरंही. पुण्यात वीस वर्षं काढून त्याला मराठी उत्तम समजतं. अण्णा मात्र त्याच्याशी हिंदीतच बोलतात.

“इधर से एक फाटा निकालो, उधर कुंडी के पीछे से घुमाके लेके जाव.”

“अण्णा, प्रेशर पडेल.”

“पडेगा तो उठायेंगे.”

प्लंबर मान हलवून अवजारं काढतो. त्याचा हिशेब सरळ आहे. आज टी मारायची, पुढच्या महिन्यात तिच्या शेजारचा जोड गळेल, तेव्हा पुन्हा यायचं. अण्णांकडच्या कामांवर त्याने गावी घराचं छप्पर घातलं, असं तो स्वतःच हसत सांगतो.

त्याहून कठीण काम म्हणजे पाणी बंद करणं. फ्लॅटमध्ये शिरणाऱ्या लाईनीवर एक व्हॉल्व्ह असतो. ताबा मिळाल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नसतो. तो एकतर फिरत नाही, किंवा गरागरा फिरतो आणि पाणी मात्र थांबत नाही, कारण आतलं गेट केव्हाच निखळून पडलेलं असतं. मग गच्चीवर जाऊन अख्ख्या डाऊनटेकचा, म्हणजे टाकीतून सगळ्या मजल्यांना खाली उतरणाऱ्या पाइपाचा, व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. अण्णा रविवारी सकाळी साडेनऊला सोसायटीच्या ग्रुपवर लिहितात: ‘तातडीच्या कामासाठी १० मिनिटे पाणी बंद राहील. सहकार्य अपेक्षित.’ दहा मिनिटांत पाइप कापून होतो. मग टी अर्धा इंचाची हवी होती आणि पाऊण इंचाची आली, हे कळतं. मग दुकान. मग सोल्युशन लावून होतं, पण ते वाळेपर्यंत पाणी सोडायचं नसतं. अण्णांना इतर सगळ्या बाबतींत धीर आहे, सोल्युशनच्या बाबतीत नाही. पंधरा मिनिटांत ते गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह उघडतात, जोड सुटतो, आणि साडेनऊची दहा मिनिटं दुपारच्या जेवणापर्यंत चालतात. डोक्याला शाम्पू लावलेली माणसं दारातून डोकावून जिन्याकडे पाहत असतात.

यावर मीटिंग झाली नसती तरच नवल. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. त्यांनी फळा नव्हता म्हणून नोटीस बोर्डच्या काचेवर स्केचपेनने टाकी काढली.

“पाण्याच्या दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब मिळतो. माझ्या नळाच्या वर टाकीतलं पाणी आहे जेमतेम तीन मीटर. म्हणजे दाब तिसरा हिस्सा. खाली दुसऱ्या मजल्यावर तुम्ही चार तोंडं एकदम उघडलीत की डाऊनटेकमधून पाणी जोरात खाली धावतं, घर्षणात तेवढा दाब खर्च होतो, आणि माझ्या शॉवरला उरतं ते थेंब मोजण्यापुरतं.”

अण्णा गंभीर झाले. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली होती. “म्हणजे तुम्ही टेलला आहात.”

“मी सगळ्यांच्या वर आहे.”

“कालव्याचं टेल खाली असतं, बिल्डिंगचं वर. पण टेल ते टेल. टेलच्या माणसाची तक्रार असतेच.” आणि खात्यात त्या तक्रारींचं काय होतं, ते सांगण्याची गरज नसल्यासारखे ते खाली बसले. पुन्हा उठले. “पण बाई, सगळे नळ एकदम उघडतो कोण?”

इथे बाईंना थांबावं लागलं, कारण प्रश्न अडाणी नव्हता. इमारतीचे पाइप किती जाड घ्यायचे याचं सारं शास्त्र याच प्रश्नावर उभं आहे. अमेरिकेत रॉय हंटर नावाच्या संशोधकाने १९४० साली त्यावर संभाव्यतेचं गणित मांडलं: शंभर नळ असले तरी एका क्षणी त्यांतले थोडेच चालू असतात, तेव्हा पाइप शंभरांच्या हिशेबाने घ्यायला नको. त्याच धर्तीचा हिशेब जगभरचे इंजिनिअर वापरत आले. अण्णांनी हंटरचं नावही ऐकलेलं नव्हतं. बाईंनी प्रामाणिकपणाने त्याचं गणित सांगितलं, आणि तेव्हापासून अण्णा त्याचा उल्लेख ‘आमचे हंटरसाहेब’ असा करतात.

हंटरसाहेबांनी मात्र शुक्रवारची पुणेरी सकाळ धरली नव्हती. गुरुवारी देखभालीसाठी शहराचं पाणी बंद असतं तेव्हा शुक्रवारी पंप चालू झाल्याचा आवाज आला की सोसायटीतला यच्चयावत नळ एकाच क्षणी उघडतो. पिंपं, बादल्या, मशीन, आंघोळी. संभाव्यता एक होते.

मीटिंगनंतर अण्णांनी तोडगा काढला. नळ कमी करायचे नाहीत, आवर्तन सुरू करायचं. फ्रिजवर तक्ता लागला. सहा ते साडेसहा ओटा. साडेसहा ते सात न्हाणीघर, गरम. सात ते सव्वासात गॅलरी. सूनबाई हिंजवडीला नोकरीला, तिला सातलाच निघायचं. तिला पाळी मिळाली पावणेआठची. तिने तक्त्याखाली पेन्सिलने ‘टेल’ असं लिहिलं आणि माहेरी जाऊन आंघोळ करून यायला लागली. तीन दिवसांत तक्ता निघाला.

या सगळ्यात काकू काय म्हणतात? काही म्हणत नाहीत. त्या पाणी भरतात. स्वयंपाकघरात एक पिंप, न्हाणीघरात एक मोठं घमेलं आणि दोन बादल्या, पिण्याचा तांब्याचा हंडा. सारं सकाळी काठोकाठ भरून झाकून ठेवतात. आमच्या अख्ख्या विंगमध्ये सर्वांत जास्त नळ ज्या घरात आहेत, त्याच घरात तांब्याने पाणी घेऊन हात धुतात. “कधी पाइप कापतील, नेम नाही,” एवढंच त्या म्हणतात.

अण्णांच्या योजनेत आणखी एक कच्चा दुवा आहे आणि तो मोठमोठ्या योजनांतही असतो. पाणी आणण्याची त्यांना हौस, ते जाणार कुठे याची नाही. सांगलीकडे कालव्याचं आणि उपशाचं पाणी खेळून खेळून, निचरा न झाल्याने चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. अण्णांच्या घरात ते क्षार आमच्या छतावर येतात. तिथे पांढुरक्या कडांचे ओलीचे नकाशे उमटतात. नव्या तोटीखाली सांडपाण्याची सोय नसतेच; तिथे एक बादली असते. बादली भरली की ओतायची कोणी, हा प्रश्न पाणीपुरवठा विभागाच्या कक्षेत येत नाही.

अपवाद एकदाच पाहिला. शेजारच्या विंगमधल्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं, त्यांना पलंगावरून हलता येईना. अण्णांनी एका दुपारीत गॅलरीच्या लाईनीवरून टी घेऊन, भिंतीच्या कडेकडेने पाइप नेऊन पलंगाशेजारी हाताला येईल एवढ्या उंचीवर छोटं बेसिन बसवून दिलं. एकही टाइल फुटली नाही, जोडही गळला नाही. निचरा अर्थातच नव्हता, खाली बादली. ती बादली ओतायला अण्णा रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः जात. आजींची मुलं ‘आम्ही ओततो हो’ म्हणायची, अण्णा म्हणायचे, “आमच्या स्कीमची आहे.” आजी हिंडू-फिरू लागल्यावर बेसिन निघालं. टीचं तोंड प्लग मारून तसंच ठेवलं आहे.

पुण्याच्या पाण्याचा विषय निघाला की अण्णा पाहुण्यांना स्कूटरवर बसवून जुना कात्रजचा नळ दाखवायला नेतात. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या आसपास कात्रजच्या तळ्यातून शहरात पाणी आणलं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. वाटेत हवा बाहेर पडायला उच्छ्वास बांधले आणि नळाला जागोजागी फाटे काढून पेठांतले हौद भरले. पाहुणे उच्छ्वासाचे फोटो काढतात. अण्णांना कौतुक त्या फाट्यांचं. “एवढी मोठी लाईन, पण माणूस मोठा होता. जो मागेल त्याला टी दिली,” असं ते म्हणतात, आणि पेशवाईचं याहून चांगलं मूल्यमापन आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

आता आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. परवा आर्किटेक्टच्या ऑफिसातून एक मुलगी पडद्यावर नकाशे दाखवायला आली. चौदा मजले, जिम, गच्चीवर योगा. सभासदांनी कार्पेट एरिया विचारला, पार्किंग विचारलं, भाडं किती मिळणार ते विचारलं. अण्णांनी हात वर केला.

“डाऊनटेक किती इंची?”

मुलीने असा प्रश्न आजवर ऐकला नव्हता. शोधून तिने पाण्याच्या लाईनींचा नकाशा काढला. वरच्या मजल्यांना दाबासाठी पंप, खालच्यांना दाब कमी करणारे व्हॉल्व्ह, सगळं होतं. अण्णा खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसले. खिशातून तांबडी पेन्सिल काढली, पडद्यावर लिहिता येत नाही म्हणून हवेतच खुणा केल्या. इथे एक, इथे एक, आणि इथे.

“सर, इथे बेडरूमचा वॉर्डरोब आहे.”

“माहीत आहे. टी टाकून प्लग मारून ठेवा. कपडे पुढे लावता येतील.”

तिसऱ्या मजल्याच्या बाई उठल्या. त्यांनी एकच मागणी नोंदवून घ्यायला सांगितली: नव्या इमारतीत फ्लॅट कुठल्याही मजल्यावर चालेल, दिशा कुठलीही चालेल, फक्त अण्णांच्या डाऊनटेकवर नको. सेक्रेटरींनी लिहून घेतलं आणि अनुमोदक कोण, म्हणून विचारलं.

“माझं अनुमोदन,” अण्णा म्हणाले. “बाईंना स्वतंत्र डाऊनटेक द्या, त्यांचा हक्कच आहे. फक्त आमच्या गॅलरीवरून जाईल तिथे तिच्यावर एक टी ठेवा.”